परदेशात साइट उघडत नाही? या चुका टाळा

सातपूर-अंबडचे कारखानदार कँटन फेअरसाठी ग्वांगझोऊला जातात, द्राक्ष निर्यातदार दुबईला. हॉटेलवर पोहोचून फोन वायफायला जोडला की तक्रार सुरू होते: चीनमध्ये व्हॉट्सअॅप, जीमेल बंद; दुबईत व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही. यावरची निम्मी तयारी नाशिकमध्ये, घरच्या नेटवरच करावी लागते.

चीनमध्ये उतरल्यावर व्हीपीएन (तुमचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून बंदी चुकवणारं अॅप) शोधणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तिथे गूगल प्ले चालत नाही आणि अॅपलने २०१७ मध्ये चीनच्या अॅप स्टोअरमधून व्हीपीएन अॅप काढून टाकली. शिवाय सरकारमान्य नसलेलं व्हीपीएन तिथे बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेतला, तर तुमचा डेटा चिनी टॉवरवरून सहसा आधी भारतातल्या तुमच्या मोबाइल कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्हणून व्हॉट्सअॅप, गूगल चालू राहतात. घोळ होतो तो फोन आपोआप हॉटेलच्या वायफायला जोडला गेल्यावर, कारण ते तिथल्याच नियमांत येतं. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा आणि ‘डेटा रोमिंग’ दोन्ही चालू आहेत का पाहा, मग पुन्हा उघडा. स्थानिक सिम स्वस्त पडतं, पण त्याला स्थानिक बंदी लागू होते. उलट बाजूही आहे: रोमिंगवर भारतातली बंदी सोबत येते, त्यामुळे २०२० पासून आपल्याकडे बंद असलेलं टिकटॉक तिथेही उघडणार नाही.

दुबईत गोष्ट वेगळी. व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, तिथल्या नेटवर कॉल मात्र लागत नाहीत. फोन बिघडला असं समजून अॅप काढून पुन्हा टाकू नका. नव्याने नोंदणी करताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो, आणि त्या सिमचं रोमिंग सुरू नसेल तर मेसेजही हातचे जातात. कॉलसाठी बोटिम, झूम किंवा टीम्स वापरा. तिथे त्यांना परवानगी आहे. व्हीपीएन हलक्यात घेऊ नका. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता (इंटरनेटवर दिसणारा तुमच्या फोनचा पत्ता) बदलून दाखवल्यास कैद, ५ ते २० लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

साइट कोणी अडवली हे न ओळखता उपाय करत बसणं, हीही नेहमीची चूक. तीच साइट एकदा वायफायवर, एकदा रोमिंगवर उघडा. फक्त वायफायवर अडत असेल तर हॉटेलची किंवा त्या देशाची चाळणी आहे. ‘४०३’ किंवा ‘४५१’ असा एरर क्रमांक दिसला तर नकार बहुधा साइटकडूनच आलाय. ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची चूक (‘सर्टिफिकेट एरर’) दिसली तर आधी फोनची तारीख-वेळ तपासा.

काही भारतीय बँका आणि सरकारी पोर्टल परदेशी पत्ता दिसला की दार लावतात. तिथेही रोमिंग कामी येतं, कारण पत्ता भारतातला दिसतो. व्हीपीएनमधला ‘इंडिया’ पर्याय भरवशाचा नाही. २०२२ मध्ये भारतात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवण्याचा नियम आल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारताबाहेर हलवले. फुकट व्हीपीएनवर तर बँकेचा पासवर्ड कधीच टाकू नका.

विमानतळाच्या वायफायचं लॉगिन पान येत नसेल, तर व्हीपीएन आणि अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे नेटवर्क सेटिंग थोडा वेळ बंद करा. लॉगिन झाल्यावर परत सुरू करा.

निघण्याआधी गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागातून १० बॅकअप कोड (ओटीपी मिळत नसताना लॉगिनसाठी) काढून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नव्हे, सामानात वेगळा ठेवा.