नव्या प्रोबायोटिक स्ट्रेनची उंदरांवरील सुरक्षितता चाचणी

दह्यातून किंवा आंबवलेल्या पिठातून वेगळा केलेला लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा नवा स्ट्रेन (उपप्रकार) प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपयोगी जिवंत जिवाणू, म्हणून माणसांना देण्याआधी त्याच्या फार मोठ्या मात्रेची विषाक्तता तपासावी, असे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रक्तपेशी फोडणारा किंवा प्रतिजैविक-प्रतिरोधाची जनुके इतर जिवाणूंना देऊ शकणारा स्ट्रेन प्रयोगशाळेतच बाद करावा. त्यासाठी प्राणी खर्ची घालू नयेत. उरलेल्या स्ट्रेनसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी मिळाल्यावरच उंदीर मागवावेत.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 407 क्रमांकाच्या चाचणी पद्धतीनुसार तीन मात्रांचे तीन गट आणि एक कंट्रोल गट (तुलनेसाठीचा, स्ट्रेन न दिलेला) घ्यावा, प्रत्येकात किमान 5 नर व 5 माद्या ठेवाव्यात आणि 28 दिवस रोज नळीने थेट पोटात डोस द्यावा. जिवाणू नळकांड्यात तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक उंदरापूर्वी द्रावण हलवावे, आणि पहिल्या उंदराआधी व शेवटच्या उंदरानंतर उरलेल्या द्रावणातील जिवंत जिवाणू प्लेटवर मोजावेत. नाहीतर कागदावर 100 कोटी जिवाणू आणि पोटात त्याचा दहावा हिस्सा, असे सहज घडते.

उंदीर स्वतःची आणि सोबत्यांची विष्ठा खातात, हे नवख्यांच्या हमखास लक्षातून सुटते. एका पिंजऱ्यात दोन गट ठेवले, तर कंट्रोलच्या उंदरांनाही स्ट्रेन मिळतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही. पिंजरे वेगळे ठेवावेत आणि डोस व साफसफाईची सुरुवात कंट्रोल गटापासून करावी.

वजन, खाद्य, रक्ततपासणी आणि ऊतींची सूक्ष्मदर्शक तपासणी नेहमीप्रमाणे करावी. प्रोबायोटिकच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न स्ट्रेन आतड्याची भिंत ओलांडून शरीरात शिरतो का, हा आहे. त्यासाठी रक्त, यकृत, प्लीहा आणि आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींचे नमुने एमआरएस अगारवर (लॅक्टोबॅसिलस वाढवण्याच्या माध्यमावर) लावावेत. जिवाणूंच्या वसाहती (ठिपक्यांसारखे पुंजके) उगवल्या की लगेच घाबरू नये, कारण उंदराच्या आतड्यात त्याचे स्वतःचे लॅक्टोबॅसिलस असतातच. उगवलेला जिवाणू आपलाच आहे का, हे डीएनएच्या ठशावरून ठरवावे आणि कंट्रोल गटाशी ताडून पाहावे. मंजुरीच्या अर्जातच प्रतिकारशक्ती क्षीण केलेल्या उंदरांचा एक गट मागून ठेवला, तर निष्कर्षाला अधिक बळ मिळते.

शवविच्छेदनाच्या वेळी प्रत्येक अवयवासाठी निर्जंतुक केलेली वेगळी कात्री व चिमटा वापरावा, आणि आतडे सर्वांत शेवटी कापावे. ते आधी फुटले, तर यकृतावर सापडलेली वसाहत कुठून आली हे नंतर सांगता येत नाही आणि त्या उंदराचा नमुना बाद धरावा लागतो.