मर्यादा घातलीत, पण ती मोडल्यावर काय? संख्यांच्या टाइपमधल्या या चुका टाळा

"हा इंट कशाचा?" कोड रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शेरा हाच. फंक्शनला चार पॅरामीटर, चारही इंट, म्हणजे साध्या पूर्णांक संख्या. एक टक्केवारी, एक सेकंद, एक ग्राहक क्रमांक आणि एक रक्कम, तीही रुपयांत की पैशांत ते कुठे लिहिलेलं नाही. कंपायलरला चारही सारखेच, त्यामुळे क्रम चुकला तरी तो हूं की चूं करत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. निक्लाऊस विर्थ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पास्कल भाषेत ०..१०० असा सबरेंज टाइप, म्हणजे ठरलेल्या मर्यादेतलीच किंमत घेणारा प्रकार, सरळ लिहिता यायचा. अ‍ॅडा या भाषेने ती कल्पना पुढे नेली: टाइप जाहीर करतानाच रेंज द्यायची, आणि बाहेरची किंमत आली की कन्स्ट्रेंट एरर. रस्ट, जावा, सी++ मध्ये अशी रेंज आयती मिळत नाही, पण आत एकच फील्ड असलेला छोटा टाइप करून कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ती किंमत तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये, तपासणी ठेवली की काम होतं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यासाठी डोमेन, म्हणजे अटींसह नाव दिलेले टाइप, आहेत.

हिंजवडीतल्या टीम असोत की भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी एम्बेडेड कोड लिहिणारे, माझ्या पाहण्यातली बरीच नवी मंडळी आता असे टाइप करू लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण टाइप केला की ती थांबतात. किंमत मर्यादेबाहेर गेली तर पुढे काय, हे कोणी ठरवत नाही. माझ्या मते मर्यादित टाइपचं निम्मं काम तिथेच असतं आणि ते टाळल्यामुळेच सगळ्यात महाग चुका होतात.

बाहेरची किंमत ओढून आत बसवणं

शंभराच्या वर गेलं तर शंभर धरा, शून्याच्या खाली गेलं तर शून्य धरा. याला क्लॅम्पिंग म्हणतात. घाईतल्या माणसाला ते फार आवडतं, कारण एरर येत नाही, टेस्ट हिरव्या होतात आणि डेमो सुरळीत पार पडतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात याचा परिणाम मी पाहिला आहे. पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारा ट्रान्समीटर होता, नेहमीचा ४ ते २० मिलिअँपिअरचा. ४ म्हणजे टाकी रिकामी, २० म्हणजे काठोकाठ. सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का, याला कारण आहे: तार तुटली की करंट शून्य होतो, आणि रिकामी टाकी व तुटलेली तार यांतला फरक लगेच कळतो. सॉफ्टवेअरमध्ये मिळालेल्या करंटमधून ४ वजा करायचे, १६ ने भागायचं, १०० ने गुणायचं. तार तुटल्यावर या हिशेबाचं उत्तर येतं उणे २५ टक्के. टाकी उणे २५ टक्के भरलेली असूच शकत नाही, म्हणजे दोष स्वतःहून समोर येऊन उभा राहतो.

कोड लिहिणाऱ्याने पातळीसाठी ०..१०० चा वेगळा टाइप केला होता. तेवढं चांगलंच केलं होतं. पण त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये क्लॅम्पिंग होतं. एका रात्री टर्मिनलमधून तार निघाली, उणे २५ चं शून्य झालं, आणि पंपाच्या लॉजिकला टाकी रिकामी दिसली. २० टक्क्यांखाली पंप चालू, ९० टक्क्यांवर बंद, असा नियम होता. पातळी शून्यावरून हलेना, म्हणून पंप रात्रभर चालू राहिला. पंप कोरडा चालू नये यासाठी संरक्षण होतं, पण टाकी भरून वाहू लागली तर पंप तोडणारा वेगळा फ्लोट स्विच बसवलेला नव्हता. सकाळच्या शिफ्टला पाणी शेजारच्या पॅनल रूममध्ये शिरलेलं सापडलं.

त्यानंतरचा वाद जास्त त्रासदायक होता. लॉगमध्ये रात्रभर ०.० टक्के एवढंच. मूळ उणे २५ कुठेच उरलं नव्हतं, कारण लॉग लिहिण्याच्या आधी क्लॅम्पिंग झालेलं. इलेक्ट्रिशियन म्हणे सॉफ्टवेअर बिघडलं, सॉफ्टवेअरवाले म्हणत ट्रान्समीटर बिघडला, आणि खरं काय ते सांगणारा आकडा सॉफ्टवेअरवाल्यांनीच पुसून टाकला होता. दोष टर्मिनलमध्ये सापडायला त्यामुळे उगाच वेळ गेला.

तेव्हापासून माझा नियम एकच. कन्स्ट्रक्टरने एकतर बरोबर किंमत द्यावी, नाहीतर नकार द्यावा. तिसरं काही नाही. सेन्सरच्या बाबतीत फंक्शनने नुसती पातळी परत देऊ नये. "पातळी किंवा बिघाड" असं परत द्यावं, म्हणजे पंपाचं लॉजिक लिहिणाऱ्याला दोन्ही फाटे लिहावेच लागतात. बिघाडाच्या फाट्यात पंप बंद आणि अलार्म. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की ट्रान्समीटर बिघाड कळवतो आहे असं धरण्याची पद्धत या क्षेत्रात रुळलेली आहे, ती पाळा. आणि कच्चा करंट आधी लॉग करा, हिशेब नंतर.

क्लॅम्पिंग कायम वाईटच असं नाही. स्क्रीनची चमक, आवाजाचा स्लायडर, व्हॉल्व्हला पाठवायचा आउटपुट इथे ते हवंच असतं. पण त्याला वेगळ्या नावाचं फंक्शन द्या, म्हणजे वापरणाऱ्याला तो निर्णय डोळ्यांना दिसेल. कन्स्ट्रक्टरच्या पोटात लपवू नका.

अनसाइन्ड म्हणजे ऋण येणार नाही असं समजणं

सी भाषेतला अनसाइन्ड, म्हणजे उणे चिन्ह नसलेला पूर्णांक, ऋण संख्या नाकारत नाही, तो तिला फिरवून मोठी धन संख्या करतो. साठ्यात ३ नग, ऑर्डर ५ ची, वजाबाकी केली की ३२ बिटांत शिल्लक दिसते ४२९४९६७२९४. यानंतर लावलेली "शिल्लक शून्यापेक्षा कमी आहे का" ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. शेवटच्या इंडेक्सपासून शून्यापर्यंत उलटा येणारा लूपही याच कारणाने थांबत नाही. अ‍ॅडामध्ये हे दोन विचार वेगळे ठेवले आहेत: नॅचरल हा इंटिजरचा मर्यादित सबटाइप आहे आणि फिरणारा मॉड्युलर टाइप निराळा. माझी सवय अशी: बिट, मास्क, हार्डवेअर रजिस्टर यांना अनसाइन्ड, वय, साठा, शिल्लक यांना साइन्ड आणि वर रेंजची तपासणी.

रेंज आहे, पण ओळख नाही

अक्षांश उणे ९० ते ९०, रेखांश उणे १८० ते १८०. दोघांना रेंज लावली की झालं, असं समजून पुढे जाणारे पुष्कळ. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. आता दोन्ही आकडे उलटे द्या. ७३.८६ हा अक्षांश म्हणून वैध, १८.५२ हा रेखांश म्हणून वैध. दोन्ही तपासण्या पास, आणि तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटाजवळच्या समुद्रात.

कर्मचाऱ्यांच्या बसचं अंतर मोजणाऱ्या एका सिस्टीममध्ये हीच चूक बराच काळ लपून राहिली होती. नकाशाची माहिती साठवण्याच्या जिओजेसन या फॉरमॅटमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. नकाशा दाखवणारी लायब्ररी त्याच क्रमाने वाचत होती, म्हणून नकाशावर बस बरोबर रस्त्यावर दिसायची. अंतराच्या फंक्शनला मात्र आधी अक्षांश हवा होता. उलट क्रमामुळे पूर्व-पश्चिम अंतर जवळपास बरोबर यायचं आणि उत्तर-दक्षिण अंतर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. स्वारगेटहून कात्रज जवळजवळ सरळ दक्षिणेला, हवाई अंतर पाचेक किलोमीटर. ते दीड किलोमीटरच्या आतबाहेर दिसे. कात्रजच्या बाजूच्या बसमालकाची बिलं कापली जात होती आणि तो बिचारा भांडत होता. मार्ग तिरके असल्याने बाकीच्यांचे आकडे थोडेच कमी यायचे, म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही.

तिथे अक्षांश आणि रेखांश टाइपडेफने केलेले होते. टाइपडेफ म्हणजे डबल या दशांश संख्येच्या टाइपलाच दिलेलं दुसरं नाव, नवा टाइप नव्हे. अ‍ॅडामध्येही हाच सापळा आहे: फ्लोटचे (दशांश संख्येच्या टाइपचे) दोन सबटाइप एकमेकांच्या जागी खुशाल चालतात, वेगळेपण हवं असेल तर नवा टाइप जाहीर करावा लागतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान गमावलं तेही ओळखीअभावी. एका सॉफ्टवेअरने आवेग पाउंड-फोर्स सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन सेकंद समजून वापरला. रेंजच्या तपासणीने ते पकडणं कठीण होतं. एककाचा टाइप असता तर आकडे एकत्र आलेच नसते.

म्हणून आधी वेगळी ओळख, मग रेंज. आणि सेवा फक्त भारतात असेल तर रेंजही तेवढीच ठेवा: अक्षांश ६ ते ३८, रेखांश ६८ ते ९८. या दोन रेंज एकमेकींना शिवत नाहीत, त्यामुळे उलटापालट पहिल्याच रेकॉर्डला पकडली जाते.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मोबाइल नंबर इंटमध्ये ठेवू नका. आपले दहा आकडी नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्येसुद्धा एकही मावत नाही. चुकीची किंमत नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या मायएसक्यूएल डेटाबेसवर मग प्रत्येक ग्राहकाचा नंबर २१४७४८३६४७ होतो. पुन्हा तेच क्लॅम्पिंग. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते टेक्स्ट म्हणून ठेवा, पिनकोडसुद्धा.

मायएसक्यूएलमध्ये इंट(३) लिहिल्याने तीन आकड्यांची मर्यादा लागत नाही, ती फक्त दाखवण्याची रुंदी होती. आणि ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे किमतीवर घातलेली अट, वाचून मुकाट्याने सोडून देत. जुना सर्व्हर असेल तर एक चुकीची किंमत मुद्दाम घालून बघा.

फ्लोटला रेंज लावताना "शून्यापेक्षा कमी किंवा शंभरापेक्षा जास्त असेल तर नाकारा" असं लिहू नका. नॅनची, म्हणजे "संख्याच नाही" अशा खास किमतीची, कुठल्याही संख्येशी केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटी ठरते, त्यामुळे तो या चाळणीतून आरामात निसटतो. "शून्य ते शंभरमध्ये असेल तरच स्वीकारा" असं लिहा.

मधल्या हिशेबावर मर्यादा लादू नका. ७० आणि ८० टक्क्यांची सरासरी काढताना बेरीज १५० होणारच. अ‍ॅडाच्या सबटाइपमध्ये हिशेब मूळ टाइपमध्ये होतो आणि तपासणी किंमत साठवताना. स्वतः केलेल्या क्लासमध्ये बेरजेच्या ऑपरेटरलाच तपासणी लावली की बरोबर उत्तरालाही एरर येते, आणि मग वैतागून कोणीतरी तपासणीच काढून टाकतो.

टाइप केलात तर फंक्शनच्या पॅरामीटरमध्येही तोच घ्या. बाहेरून आलेला आकडा एकदा दारात तपासायचा आणि आत कच्चा इंट फिरू द्यायचा नाही. आतल्या प्रत्येक फंक्शनमध्ये पुन्हा इफ दिसला की समजावं, टाइप नावापुरता आहे.

वेगासाठी तपासणी बंद करणं

रस्टमध्ये डीबग बिल्डला ओव्हरफ्लो झाला, म्हणजे किंमत टाइपमध्ये मावली नाही, तर पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्राम एरर देऊन थांबतो, रिलीज बिल्डमध्ये मात्र काही न सांगितल्यास संख्या फिरते. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर पकडली जाणारी चूक ग्राहकाकडे गप्प बसते. रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लोची तपासणी चालू करणं एका ओळीचं काम आहे, मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी करतो. तसंच "अ‍ॅज" वापरून ३०० चा आठ बिटांचा अनसाइन्ड केला तर ४४ मिळतात, काही तक्रार न होता. तिथे मावत नसेल तर नकार देणारा ट्राय-फ्रॉम वापरा. "परफॉर्मन्ससाठी काढलं" असं कोणी म्हणालं की मी प्रोफायलरचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या साधनाचे, आकडे मागतो. ते क्वचितच मिळतात.

४ जून १९९६ चं एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण यासाठी पुन्हा पुन्हा वाचावं. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची फ्लोट किंमत १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये बदलताना ती मावली नाही. कोड अ‍ॅडातच होता आणि एरियान ४ वरून उचललेला. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून अशा सात चलांपैकी चारांनाच संरक्षण दिलं होतं, आणि हे चल उरलेल्या तिघांतलं. एरियान ४ च्या मार्गावर ती किंमत मोठी होतच नसे. एरियान ५ चा आडवा वेग खूप लवकर वाढत होता. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. एरर पकडली गेली, आणि मग काय करायचं याचं ठरलेलं उत्तर होतं: दिशा आणि वेग मोजणारा तो संगणक बंद करा. पर्यायी संगणकावर तोच कोड, तोही त्याच कारणाने आधीच बंद पडलेला. मुख्य संगणकाने बंद पडताना पाठवलेली दोषाची माहिती उड्डाण नियंत्रणाने खरी उड्डाणाची माहिती समजून वापरली, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. ज्या हिशेबात हे झालं त्याची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजही नव्हती.

भोसरीच्या टाकीत मर्यादा मोडल्याचं लपवलं गेलं, इथे ते लपवलं नाही पण सगळंच बंद केलं. दोन्हीकडे प्रत्यक्ष यंत्राला त्या क्षणी काय हवं आहे, याचा विचार टाइप लिहिताना झाला नव्हता.

बदलणारी मर्यादा टाइपमध्ये कोरणं

पूर्णातल्या हिश्श्याची टक्केवारी शंभराच्या वर जाऊ नये, हे गणित आहे. जीएसटीचा सगळ्यात वरचा दर २८, हा त्या वेळचा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून काही वस्तूंना ४० टक्के दर लागू झाला, आणि ज्यांनी करदराच्या टाइपची वरची मर्यादा २८ ठेवली होती त्यांचं बिलिंग त्या मालापुरतं अडलं. सुट्टीच्या दिवशी कोड बदलून, बिल्ड करून, दुकानादुकानांत पोचवायची धावपळ त्यांनी स्वतःवर ओढवून घेतली. जे सरकार, बँक किंवा तुमचा मॅनेजर बदलू शकतो ते टाइपमध्ये जाऊ नये. करदराच्या टाइपला ०..१०० पुरे. वैध दर कोणते ते डेटाबेसच्या तक्त्यात ठेवा, प्रत्येकाला "कधीपासून" आणि "कधीपर्यंत" अशा दोन तारखा द्या, आणि तपासणी बिलाच्या तारखेवर करा, आजच्या नव्हे. जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढताना त्या दिवशीचा २८ चा दर स्वीकारलाच गेला पाहिजे.