फोटोतलं पोलिसी हत्यार ओळखायचं कसं
मी नागपूरच्या पोलीस लाइन टाकळीत वाढले; बाबांच्या कमरेचं हत्यार रोज पाहिलं. जुना फोटो मिळाला की आधी गोळ्या भरायची फिरती चक्री शोधा. दिसली तर रिव्हॉल्व्हर. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची खूण म्हणजे मागच्या घोड्याशेजारचा (गोळीवर आघात करणाऱ्या भागाशेजारचा) खटका. तो दाबला की नळी खाली झुकते नि गोळ्यांची सहाही घरं उघडी पडतात. मुठीच्या कडीतली दोरीही बघा. हत्यार कुणी हिसकावू नये म्हणून ती असे, बाबा ती रोज तपासायचे. चक्री नाही, मूठ जाड? मग बहुधा इशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं ९ मिमी पिस्तूल, १३ गोळ्यांचं.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेचा फोटो असेल तर १९८६ लक्षात ठेवा. मायामीच्या चकमकीत त्यांचे दोन एजंट मारले गेले, मग रिव्हॉल्व्हर मागे पडलं. पुढे १० मिमी, .४० इंची आणि पुन्हा ९ मिमी गोळ्यांची पिस्तुलं आली.

फोटोमागे बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, असेल तर तो आधी वहीत उतरवा.