पहिलं घर घेताना वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

तयार फ्लॅट विकत घेताना टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत दोन ते तीन महिने धरून चाला. एजंट ‘महिन्याभरात होऊन जाईल’ म्हणतो तेव्हा सगळे कागद पहिल्या दिवशी हजर आहेत असं त्याने गृहीत धरलेलं असतं, आणि तसं क्वचितच असतं. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात हीच वाट वर्षांत मोजावी लागते. दोन्हीकडे काम अडलं की विचारायचा प्रश्न एकच: आत्ता कागद नेमका कोणाच्या टेबलावर आहे? बँकेच्या वकिलाकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, विकणाऱ्याच्या जुन्या बँकेत की पालिकेत? ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. टेबल कळलं की पाठपुरावा करता येतो.

टोकनच्या आधी

सर्वांत जास्त वेळ इथे वाचतो, आणि घाईत इथलंच काम राहून जातं. टोकन देण्यापूर्वी विकणाऱ्याकडून या कागदांच्या झेरॉक्स मागा: बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, त्या प्रत्येकाचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारत वापरायला पालिकेची परवानगी असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची आणि सोसायटीची शेवटची पावती. या साखळीतली एक जरी कडी नसेल, तर बँकेचा वकील तिथेच थांबतो. १९९५ चा मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं सगळं करावं लागतं. हे काम विकणाऱ्याचं आहे. त्याने ते टोकनच्या आधी सुरू केलेलं असावं.

आणखी तीन गोष्टी तोंडी विचारून घ्या. मूळ मालक हयात आहे का? नसेल, तर शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलेलं असणं पुरेसं नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोड लागते, आणि एक बहीण परगावी असेल तर महिना सहज जातो. विकणारा परदेशात आहे का? असेल तर त्याला देताना कापायचा टीडीएस, म्हणजे किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर, नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा खूप जास्त असतो. तो कमी करून घेण्याचा दाखला त्याने आयकर खात्याकडून आणायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित झालेलं हवं. तिसरं, फ्लॅटवर चालू कर्ज आहे का? त्याबद्दल पुढे सविस्तर.

टोकन छोटं ठेवा आणि विसार पावतीवर, म्हणजे टोकनच्या पावतीवर, एक वाक्य लिहूनच घ्या: कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. हे वाक्य नसेल तर भांडण टोकनवरच अडतं.

स्वतःच्या पैशांची तयारी

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेताय असं समजा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे, म्हणजे फार तर ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. मुंबईत शुल्क ६ टक्के आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. शुल्काची रक्कम कर्जात धरली जात नाही, म्हणून साडेसोळा लाख हाताशी हवेत. वकील, एजंट आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी.

बँक आपला चेक सोडण्याआधी तुमचा हिस्सा विकणाऱ्याला पोचल्याचा पुरावा मागते. अनेकांचं काम इथे आठ-दहा दिवस अडतं, कारण पैसे पीएफमध्ये किंवा एफडीत असतात, नाहीतर आईवडिलांच्या खात्यातून यायचे असतात. टोकनच्याच आठवड्यात ते काढायला लागा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा. वरच्या उदाहरणात ६० हजार. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरावा लागतो.

कर्जाचं मंजुरीपत्र आलं म्हणजे कर्ज मिळालं असं समजू नका. ते तुमचा पगार बघून दिलेलं असतं. मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी त्यानंतर होते, आणि फाइल परत येते ती तिथून. म्हणून मंजुरीपत्राच्या दिवशीच झेरॉक्सचा पूर्ण संच बँकेच्या वकिलाकडे पोचवा. मंजुरीपत्राची मुदतही बघून ठेवा. ती संपली तर पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट नव्याने द्यावं लागतं. या काळात नोकरी बदलू नका, गाडीचं कर्ज काढू नका.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर

पुनर्विक्रीच्या व्यवहारात सर्वांत जास्त दिवस इथे जातात. मूळ कागद त्याच्या बँकेत, आणि ते मिळाल्याशिवाय तुमची बँक पैसे द्यायला नाखूश. क्रम असा ठेवा.

१. विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून दोन कागद आणायचे: कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचं पत्र, आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. ही यादी तुमच्या बँकेच्या वकिलाला द्या.

२. करार नोंदवा, तुमचा हिस्सा द्या. तो थेट विकणाऱ्याच्या कर्जखात्यात भरता आला तर उत्तम.

३. तुमच्या बँकेचा पहिला चेक विकणाऱ्याच्या नावाने नव्हे, त्याच्या बँकेच्या नावाने, कर्जखात्याचा क्रमांक घालून निघेल.

४. मूळ कागद जुन्या बँकेतून थेट तुमच्या बँकेकडे जातील. उरलेली रक्कम त्यानंतर विकणाऱ्याला.

तिसऱ्या पायरीवर एक बारीक चूक नेहमी होते. फेडीच्या पत्रावरची रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतचीच असते. समजा २२ लाख बाकी आहेत आणि व्याज ९ टक्के. रोजचं व्याज होतं साधारण ५४२ रुपये. चेक बारा दिवस उशिरा पोचला तर साडेसहा हजार कमी पडतात, खातं बंद होत नाही, आणि खातं बंद झाल्याशिवाय कागद सुटत नाहीत. तेवढ्यासाठी आणखी आठवडा जातो. उपाय सोपा आहे: पत्रात रोजच्या व्याजाचा आकडा लिहून घ्या, आणि चेक जमा करायच्या दिवशी फरकाची रक्कम विकणाऱ्याने खात्यात भरायला तयार ठेवावी.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी ५ हजार रुपये कर्जदाराला द्यावे लागतात. शाखेत ‘कागद सेंट्रल स्टोअरमधून येतात, दोन महिने लागतील’ असं सांगितलं तर विकणाऱ्याने हा नियम नमूद करून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज त्याचाच हवा, कारण कर्जदार तो आहे.

सोसायटीच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज टोकनच्या आठवड्यातच टाका. उपविधींनुसार हस्तांतरणाला हे पत्र लागतच नाही, पण बँका मागतात. अर्ज आल्यावर समितीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल, तर ती चुकली की पुढचा महिना. सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची (ट्रान्सफर फीची) कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५ हजार आहे. ‘विकासनिधी’ म्हणून त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागणीपत्र द्यायला सांगा. लेखी मागायची वेळ आली की आकडा बहुधा खाली येतो.

नोंदणीचा दिवस

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत करार नोंदणीला द्यावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मिळतात. पण एवढं थांबायचं कारण नसावं. डेटा एंट्री आणि चलन आदल्या दिवशी पूर्ण करून ठेवा. नावं आधार, पॅन आणि जुन्या करारावर अक्षरशः सारखी आहेत का ते बघा. ‘सुनंदा विष्णू’ आणि ‘सुनंदा व्ही.’ एवढ्या फरकावर बँकेचा वकील एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र मागतो. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूकदुरुस्ती लेख करावा लागतो आणि विकणाऱ्याला पुन्हा कार्यालयात आणावं लागतं.

वयस्कर माणसांचे अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. भांडी, शेती किंवा कारखान्याचं काम केलेल्या हातांचे तर नाहीच. ओला रुमाल जवळ ठेवा, अंगठा पुसून पुन्हा लावा, आणि दुसरं ओळखपत्र बरोबर असू द्या. दोन साक्षीदार पूर्ण दिवस मोकळे असलेले न्या, सर्व्हर बंद पडला तर संध्याकाळ होते. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात, १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमतींचे, दर बदलतील म्हणून, तोबा गर्दी असते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेच्या आसपासही तेच. पितृपक्षात रांग कमी असते. घरच्यांची हरकत नसेल तर तो काळ सोयीचा.

बांधकाम चालू असलेलं घर

जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, पानावर प्रकल्प उघडेल. तिथे तीन गोष्टी बघा: पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख, दर तिमाहीचा प्रगती अहवाल, आणि चालू दावे. मूळ तारीख एकदा पुढे गेलेली असेल तर कारण वाचा. दोनदा गेलेली असेल तर दुसरा प्रकल्प बघावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. नंतरचे टप्पेही महाराष्ट्राच्या नमुना करारात बांधलेले आहेत: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब पडेपर्यंत ७०. पुढचा हप्ता मागणारं डिमांड लेटर आलं की साइटवर जाऊन स्लॅब मोजा.

प्री-ईएमआयचा, म्हणजे ताब्यापर्यंत बँकेला भरायच्या नुसत्या व्याजाचा, हिशेब आधी करा. कर्जातले ४० लाख बँकेने बिल्डरला दिलेले असतील आणि व्याज साडेआठ टक्के, तर महिन्याला २८ हजार ३३३ रुपये निव्वळ व्याज, वर घरभाडं. ताबा वर्षभर लांबला तर व्याजाचेच ३ लाख ४० हजार. एवढी शिल्लक बाजूला असेल तरच बांधकाम चालू असलेलं घर घ्या.

कराराची तारीख उलटली की लगेच लेखी पत्र द्या, ईमेल आणि पोचपावतीचं टपाल दोन्ही. महारेराने प्रकल्पाला मुदतवाढ दिली म्हणून तुमच्या करारातली ताब्याची तारीख बदलत नाही. बिल्डर पुरवणी करार किंवा संमतीपत्र पुढे करेल. त्यात नवी तारीख असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण उशिराबद्दल बिल्डरकडून मिळणाऱ्या आधीच्या महिन्यांच्या व्याजावरचा हक्क त्या सहीने जाऊ शकतो. रागाच्या भरात स्वतःचे हप्तेही थांबवू नका, थकलेल्या हप्त्यावर तुम्हालाही बिल्डरला लागतं त्याच दराने व्याज लागतं.

रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागायची, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. महाराष्ट्रात दर असतो स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. तो ११ टक्के धरला आणि तुम्ही ४५ लाख दिलेले असतील, तर महिन्याला ४१ हजार २५० रुपये होतात. तक्रार ऑनलाइन, फी ५ हजार. जोडायचे कागद: करार, इंडेक्स टू, सगळ्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, पत्रव्यवहार. आधी सलोखा मंचाचा पर्यायही आहे, दोघांची तयारी असेल तर तो लवकर संपतो. आदेश मिळूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथेही तहसील कार्यालयात जाऊन पाठपुरावा करावाच लागतो.

‘फिट-आउट’साठी दिलेली किल्ली

ओसी न येताच ‘फर्निचर करून घ्या’ म्हणून किल्ली देण्याची रीत आहे. ओसी अडण्याची कारणं बहुतेक ठरलेली: अग्निशमनचं अंतिम ना-हरकत पत्र, लिफ्टचा परवाना, पाण्याची जोडणी, मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधकाम. शेवटचं कारण असेल तर वाट लांब आहे. ओसीशिवाय राहायला गेलात तर पाणी टँकरचं येतं आणि बिल्डरवरचा दबावही संपतो. ओसीची प्रत हातात घेऊन वाचा. ती अर्धवट असू शकते, म्हणून आपली विंग आणि आपला मजला त्यात छापलेला आहे का ते बोट ठेवून तपासा. ओसी आल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. तेवढा वेळ पाहणी आणि किरकोळ दुरुस्त्यांना पुरतो.

भाड्याच्या घराचा ११ महिन्यांचा करार या काळात संपत असेल तर नव्या करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट, घालू नका, एक महिन्याच्या नोटिशीची अट ठेवा. आणि ती नोटीस, तयार घर असेल तर मूळ कागद तुमच्या बँकेत पोचल्यावर द्या, नवं असेल तर आपल्या मजल्याचा उल्लेख असलेली ओसी हातात आल्यावर.