रोमन काळातली विनोदी कॉमिक काढताय? मग या चुका टाळा

रोमवर कॉमिक काढायची म्हटली की पहिल्या पानावर ठरलेला सीन, कोलोसियम, वर सज्जात सम्राट सीझर, खाली घामाघूम ग्लॅडिएटर. आता कोलोसियमचं उद्घाटन झालं इ.स. ८० मध्ये आणि ज्युलियस सीझरला मारलं इ.स.पू. ४४ मध्ये, म्हणजे बिचाऱ्याने ते कधी पाहिलंच नाही, आणि तो सम्राट पण नव्हता बरं का, पहिला सम्राट ऑगस्टस. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "अहो विनोदीच तर आहे, कोण बघतंय". मान्य, पण खरी अडचण इतिहासाची नाहीच्चे, हा सीन लोकांनी इतक्यांदा पाहिलाय की आता कोणाला हसू येत नाही. खरं रोम त्याच्यापेक्षा कितीतरी येडं होतं.

हेच बघा ना, सीझरच्याच काळात क्यूरिओ नावाचा एक पुढारी होता, वडील वारले म्हणून त्याने त्यांच्या नावाने खेळ ठेवले आणि त्यासाठी लाकडाची दोन अख्खी थिएटरं बांधली, पाठीला पाठ लावून, आणि दोन्ही फिरत्या खुंटावर. सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं, आणि नंतर लोक बसलेले असतानाच थिएटरं गर्रकन फिरवून समोरासमोर जोडायची की झाला गोल आखाडा, मग ग्लॅडिएटर! प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हे जाम वैतागून लिहून ठेवलंय की जग जिंकलेली जनता एका यंत्रावर लटकून आपल्याच मरणाच्या धोक्याला टाळ्या देत होती. इथे तुमची चार पानं फुकटात तयार आहेत, फक्त त्या गर्दीत एक काका बसवा ज्यांना अजून नाटकाचा शेवट बघायचाय.

दुसरी चूक सैनिकांची. सगळे एकसारखे, चकाचक, रांगेत, नुसती खोगीरभरती. चिलखतात तर हमखास घोळ होतो, ते पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत सीझरनंतरचं आहे, त्याच्या सैनिकांना कड्यांचं दाखवा. पण चिलखत दुरुस्त केलं तरी विनोद येईलच असं नाही, त्यासाठी त्यांची पत्रं वाचा. इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा म्हणून रोमन किल्ला आहे, तिथे पातळ लाकडी पाट्यांवर शाईने लिहिलेला साधारण इ.स. १०० च्या सुमाराचा पत्रव्यवहार सापडलाय. एकात कोणीतरी कळवलंय की मोजे, सँडलचे दोन जोड आणि अंडरपँटचे दोन जोड पाठवलेत. एकात मॅस्क्युलस नावाचा अधिकारी साहेबांना विचारतो की उद्या आम्ही काय करायचंय, आणि जाता जाता, पोरांकडची बिअर संपलीये तेवढी पाठवायला सांगा. आणि एक तर सरळ हजेरीपट, ७५२ जणांच्या तुकडीत ४५६ गैरहजर (म्हणजे ड्युटीवर दुसरीकडे), उरलेल्या २९६ मधले ३१ आजारी किंवा जखमी, त्यातल्या १० जणांचे डोळे आलेले. आता या साम्राज्यावर कोणीतरी हल्ला करतंय आणि सेनापती हा हजेरीपट हातात घेऊन उभा आहे, बास, वेगळा जोक लिहायची गरजच काय.

खलनायक सेंच्युरियन (सैन्याच्या तुकडीचा अधिकारी) हवा असेल तर लुसिलियस घ्या. सैनिकांच्या पाठीवर मारून मारून याची द्राक्षवेलीची छडी मोडायची आणि हा ओरडायचा, दुसरी आणा! सैनिकांनी त्याचं नावच 'दुसरी आणा' पाडलं. इ.स. १४ च्या बंडात त्यांनी त्याला मारून टाकलं, त्यामुळे शेवट तुमच्या कॉमिकच्या वयोगटानुसार बदला.

स्वयंपाकघर काढताना टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यातलं काही दिसता कामा नये, हे सगळं अमेरिकेतून आलेलं, फार उशिरा. माशाचा आंबवलेला गारूम सॉस दाखवा, सगळीकडे ओता. काळी मिरी मात्र बिनधास्त दाखवा, ती आपल्याकडूनच जायची, प्लिनी रडतो की भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. म्हणजे पैठणचा एखादा व्यापारी पात्र म्हणून घुसवायला तुम्हाला जागा आहे, कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही नावं त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीला समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती पण सापडलीये. ही संधी सोडून लोक परत ते गॉलमधलं एकटं गाव आणि शक्तीचा काढा काढत बसतात, तो प्लॉट १९५९ पासून ॲस्टेरिक्स कॉमिकच्या नावावर बुक आहे हो.

टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं ते लांब वस्त्र) सगळ्यांना घालू नका, तो नागरिकांचा, घरात आणि कामावर लोक साध्या ट्युनिकमध्येच, म्हणजे अंगरख्यात असायचे. पुतळे पांढरेफटक नकोत, रंगवलेले असायचे.

आता कॉमिक काढणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी. "रस्त्याचं पान रिकामं वाटतंय", तर भिंती भरा. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत, त्यात वाटिया नावाच्या उमेदवाराला पाठिंबा कोणाचा, तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा, आणि दुसऱ्या एका ठिकाणी भुरट्या चोरांचा, आपल्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुक याच्यापुढे फिके आहेत. एकाने तर लिहिलंय की भिंती, इतक्या लोकांचा कंटाळवाणा मजकूर अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस. मागच्या भिंतीवर बारीक अक्षरात टाका, शोधणारा वाचक शोधतो.

"फुग्यात मजकूर मावत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की चित्र आधी काढलं आणि फुगा नंतर. मराठीत वर वेलांटी खाली उकार, दोन ओळी जवळ आल्या की एकमेकांत घुसतात, म्हणून संवाद आधी टाइप करा, ओळींमध्ये जास्त जागा सोडा आणि मग उरलेल्या जागेत हत्ती, रथ, सीझर जे काय असेल ते बसवा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, तरीही फुटली तर फाँट बदलून बघा.