वजन उतरलं, आता कातडी लोंबतेय? ऑपरेशनआधी आणि नंतर या चुका टाळा

चाळीस-पन्नास किलो उतरवून माणसं आमच्याकडे येतात. कुणाचं वजनासाठी जठराचं बायपास झालेलं असतं, कुणाची स्लीव्ह म्हणजे जठर कापून लहान केलेलं, कुणी वजनाची इंजेक्शनं घेतलेली, तर कुणी नुसती भाकरी मोजून खाल्लेली आणि पहाटे सोलापूरच्या होम मैदानावर फेऱ्या मारलेल्या. यातलं काहीच सोपं नाही. पण पोटाची कातडी मांडीवर यायला लागली, दंड लोंबायला लागले की हीच माणसं अशी काही घाईला येतात की विचारू नका. वजन उतरवायला दोन वर्षं धीर धरलेला माणूस कातडी काढायला दोन महिने थांबायला तयार नसतो.

मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग करते. ऑपरेशन सर्जन करतात, पण पुढचे तीन-चार आठवडे पेशंट माझ्यापुढे असतो. त्यामुळे कुठं काय चुकलं ते मला अगदी जवळून दिसतं, आणि वर्षानुवर्षं तेच ते दिसतं.

मिश्रीला तंबाखूत न धरणं

अक्कलकोटकडच्या एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या. बायपासनंतर ११८ किलोवरून ७० वर आलेल्या. पोटाच्या घडीखाली कायम ओल, खाज, वास. फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’. सिगारेट नाही, गुटखा नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर बेंबीखाली, टाक्यांच्या बरोबर मधोमध, रुपयाएवढा भाग जांभळट पडलेला. बोटानं दाबून सोडला तरी रंग पहिल्यासारखा होईना. आणखी दोन-तीन दिवसांत तिथं तळहाताएवढा काळा डाग. शुगर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, ताप नाही. सर्जन चक्रावलेले. टॉवेल घ्यायला मी लॉकर उघडला तर जेवणाच्या डब्यामागं मिश्रीची डबी.

“मावशी, हे काय ओ?”

“दात घासायची मिश्री हाय सिस्टर. तंबाखू कुठं खाते मी?”

सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारच्या चहाआधी आणि झोपताना. ॲडमिट असतानासुद्धा, बाथरूममध्ये जाऊन. सुनेला माहीत, नवऱ्याला माहीत, शेजारच्या कॉटवरच्या पेशंटलाही माहीत. फक्त आम्हाला नाही.

यात नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या. टमी टक म्हणजे पोटाच्या या ऑपरेशनमध्ये कातडी खालपासून पार बरगड्यांपर्यंत स्नायूवरून सोडवतात, जास्तीची कापतात आणि उरलेली खाली ओढून शिवतात. सोडवताना स्नायूतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मग उरलेल्या कातडीला रक्त मिळतं ते वरून आणि बाजूंनी, आणि टाक्यांच्या मधला भाग त्या रक्तापासून सगळ्यात लांब. उजनीच्या कॅनॉलवर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच इथं. वर जरा पाणी कमी झालं की पहिलं त्याचं पीक वाळतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. ते धुरातून आलं, गालातल्या माव्यातून आलं की हिरड्यांवरच्या मिश्रीतून, त्यानं काही फरक पडत नाही.

त्या बाईंची काळी पडलेली कातडी कापून काढावी लागली. उघडी जखम तळापासून भरत यायला अडीच महिने गेले. एक बारीक रेघ राहिली असती तिथं आज चार बोटं रुंद व्रण आहे.

निकोटिन ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद. काही सर्जन सहा म्हणतात, मी त्यांच्या बाजूची आहे. सोडण्यासाठी मिळणारं निकोटिनचं च्युइंगमसुद्धा या काळात चालत नाही, कारण त्यातही निकोटिनच असतं. खोटं बोलून उपयोग नाही. निकोटिनचं शरीरात कोटिनिन बनतं, लघवीच्या कोटिनिन तपासणीत सगळं बाहेर येतं. विडी वळणाऱ्या बायका सोलापुरात घराघरात आहेत. तंबाखूच्या धुळीतून आणि हातातूनही निकोटिन शरीरात जातं, त्यामुळे विडी ओढत नसलात तरी वळत असाल तर ते सर्जनला आधी सांगा.

“तंबाखू खाता का” हे मी आता विचारतच नाही. “सकाळी दात कशानं घासता” असं विचारते आणि उजव्या हाताची तर्जनी बघते. पुरुषांना सरळ विचारते, “दिवसाला माव्याच्या पुड्या किती?” शून्य असतील तर ते सांगतीलच की.

वजन उतरत असतानाच नंबर लावणं

“आत्ता करून टाकू, उरलेले दहा किलो नंतर उतरवू.” नंतर दहा उतरले की ताणून शिवलेली कातडी परत सैल पडते, आणि मग आम्हालाच विचारतात की असं कसं झालं. बायपास किंवा स्लीव्हनंतर साधारण बारा ते अठरा महिने जाऊ द्यायचे, आणि त्यातले निदान शेवटचे सहा महिने काटा दोन-तीन किलोंच्या आतबाहेर राहिलेला हवा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या आसपास किंवा खाली असेल तर उत्तम. ३५ च्या वर जखम उघडणं, पू होणं, रक्ताच्या गुठळ्या, सगळ्याचाच धोका वाढतो. मूल हवं असेल तर आधी बाळंतपण उरकून घ्या, मग पोटाचं बघा. पोट पुन्हा ताणणारच असेल तर आत्ता शिवण्यात काय अर्थ?

कातडीवर लायपोसक्शनचा उपाय

लायपोसक्शननं चरबी निघते, कातडी निघत नाही. आधीच रिकाम्या पडलेल्या पोटातली उरलीसुरली चरबी ओढून घेतली तर ते आणखी लोंबतं. तरीही दर महिन्याला कुणीतरी “बारीक छिद्रातून, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी” अशी जाहिरात बघून जाऊन येतं आणि मग आमच्याकडे येतं. क्रीम, तेल, कंप पावणारा पट्टा, कातडी घट्ट करणारं मशीन: थोड्याशा सैलपणाला मशीनचा थोडा उपयोग होत असेल, पण हातात धरून उचलता येणारी घडी त्यानं जात नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचिक तंतू तुटलेले असतात, ते चोळून जुळत नाहीत. व्यायामानं आतला स्नायू भरतो. तो जरूर करा, पण कातडी आखडेल या आशेनं नको.

कातडी काढायची म्हणजे कापायची, आणि कापलं की व्रण राहणार. पोटाला या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. फारच सैल असेल तर मधून उभाही. पाठ आणि नितंबही उतरले असतील तर कंबरेभोवती पूर्ण गोल, त्याला लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात. दंडाला काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर व्रण जाड आणि गडद होण्याची शक्यता जास्त, आणि तो फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. “टाके दिसणार नाहीत ना?” हा प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारायचा नसतो.

मे महिन्यात ऑपरेशन, आणि आठव्या दिवशी बेल्ट फेकून देणं

हा माझा दुसरा डोकेदुखीचा विषय. सुट्ट्या मे महिन्यात म्हणून ऑपरेशनही मे महिन्यात. सोलापूरचा मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, वर लाइट गेली तर संपलंच. आणि पोटाला चार ते सहा आठवडे, रात्रंदिवस, घट्ट बेल्ट.

नवी पेठेत दुकान असलेले एक दादा होते. पोट आणि छाती दोन्ही केलेलं. दुसऱ्याच दिवसापासून “सिस्टर, ही नळी कधी निघणार?” आतली कातडी सोडवलेली असते, तिथं मोकळी जागा राहते, तिच्यात पिवळसर पाणी झिरपतं. ते बाहेर यावं म्हणून ड्रेनची नळी आणि ती जागा दाबून राहावी म्हणून बेल्ट. साधारण चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली आल्याशिवाय नळी काढत नाहीत, आणि मोठ्या पोटाला त्यासाठी आठवडा-दोन आठवडे सहज लागतात. या दादांनी घरी गेल्यावर नळीला जोडलेली डबी मापून लिहायची सोडून मोकळी करून टाकायची आणि फोनवर “वीस-पंचवीस आलं” म्हणायचं. नळी निघाली. मग उकाड्यानं बेल्टही काढला आणि बनियनवर दुकानाच्या गादीवर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात आले तेव्हा पोट खालून फुगलेलं. एका बाजूनं टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला पाणी हलायचं. सुई लावली तर पहिल्याच खेपेला मोठी सिरिंज पुन्हा पुन्हा भरली. नंतर कितीतरी आठवडे ते दर दोन-तीन दिवसांनी पाणी काढून घ्यायला येत होते. दुकान बंद पडलं नसतं आठ दिवसांत, हे त्यांना तेव्हाही पटलं नाही आणि मला वाटतं अजूनही पटलेलं नाही.

माझा आग्रह असा: ऑपरेशन दिवाळीनंतर घ्या, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आत बेल्टचे बरेच दिवस पार पडतात. बेल्ट दोन घ्या, एक अंगावर, एक वाळत. आतून पातळ सुती बनियन, घडी न पडता. ड्रेनचा आकडा रोज सकाळी एकाच वेळेला, मापाच्या भांड्यात ओतून, कालनिर्णयवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचा. वही हरवते, कॅलेंडर भिंतीवर असतं. आणि आकडा जसा आहे तसा. कमी सांगितल्यानं पाणी कमी होत नाही.

खाज आली की मेडिकलमधून ट्यूब

घडीतल्या खाजेला मेडिकलवाला जी ट्यूब देतो तिच्यात बुरशीच्या औषधासोबत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस छान वाटतं, मग चट्टा पसरतो आणि कातडी कागदासारखी पातळ होते. अशा कातडीला टाके धरत नाहीत. घडी कोरडी ठेवा, सुती फडकं मध्ये ठेवा, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. विम्याला तीच लागणार आहे. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तरच दार उघडतं. “पोट बरं दिसत नाही” याला पैसे नाहीत. घडीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमांची नोंद असेल तर निदान विचारता तरी येतं, आणि विचारायचं ते ऑपरेशनआधी, लेखी.

बाकीच्या, थोडक्यात

अर्धपोटी येणं. बायपासवाल्यांत लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनं यांची बोंब असते, आणि जखम प्रथिनांवर भरते. रोज साठ-ऐंशी ग्रॅम लागतात. दोन चमचे शेंगाचटणीत पाच ग्रॅमसुद्धा धड नसतात, तेव्हा “चटणी-भाकरी खाते की” हे उत्तर मला देऊ नका. अंडी, पनीर, डाळी, मटकी, दही, जे चालत असेल ते.

वजनाची इंजेक्शनं चालू आहेत हे भूलतज्ज्ञापासून लपवणं. त्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं. उपाशी असूनही भुलेत उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

पोट, दंड, मांड्या, छाती सगळं एकाच दिवशी उरकायचा हट्ट. तासन् तास टेबलावर राहिलात तर रक्तस्राव आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. टप्प्याटप्प्यानं करा.

‘कॉस्मेटिक’ ही पाटी बघून आत शिरणं. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका.

घरी भारतीय पद्धतीचा संडास आणि खाली बसून जेवण. मांडीच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसलात की जांघेतले टाके उसवलेच म्हणून समजा. कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा. पोट केलं असेल तर पहिले काही दिवस वाकूनच चालायचं आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं.

नळाला पाणी आलं म्हणून उठणं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड, तेही रात्री-बेरात्री, त्यामुळे बायकांचा जीव राहत नाही. सहा आठवडे घागर, बादली, नातवंड, काही उचलायचं नाही. नवऱ्याला पाणी भरता येतं, मी पाहिलेलं आहे.

पुण्या-मुंबईला ऑपरेशन करून तीन-चार दिवसांत थेट गाडीत बसून सोलापूर गाठणं. निघायचंच असेल तर सर्जनला विचारून, तासातासाला उतरून चालत. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर ती गुठळी असू शकते, मला फोन करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

आणि व्हॉट्सॲपवर ड्रेसिंगचा फोटो, खाली “ओके ना सिस्टर?” फोटोत वास येत नाही, ताप कळत नाही, कातडी गरम आहे की गार ते समजत नाही, आणि ट्यूबलाइटखाली काळं आणि जांभळं सारखंच दिसतं. पाठवायचाच असेल तर दिवसा, खिडकीजवळ, आणि सोबत ताप किती, ड्रेन किती, कुठल्या बाजूला दुखतंय हे लिहा. रंग बदललाय असं वाटलं तर फोटो नकोच, त्याच दिवशी या.