टायडीने एचटीएमएल फाइल आवरताना

अनेकांच्या हातांखालून गेलेली एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची मूळ फाइल, उघडली की कुठला टॅग (मजकुराभोवतीची खूण) कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे शोधण्यातच वेळ जातो. अशी फाइल नीट मांडून देणारे टायडी हे कमांड लाइनवरचे (टंकलेल्या आज्ञांनी चालणारे) जुने आणि भरवशाचे साधन आहे. डेव्ह रॅगेट यांनी ते डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेत असताना लिहिले आणि पुढे इतरांनी ते एचटीएमएल ५ साठी अद्ययावत केले. मात्र टायडी नुसत्या ओळी आत सरकवत नाही, तर फाइलमधल्या चुका स्वतःच्या समजुतीप्रमाणे दुरुस्तही करते. म्हणून ते कोणत्या क्रमाने चालवायचे याला फार महत्त्व आहे. (पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात.)

सर्वप्रथम आवृत्ती तपासावी:

टायडी -व्हर्जन

मॅकओएससोबत येणारे टायडी बराच काळ २००६ सालचे होते. त्या आवृत्तीला ‘सेक्शन’ किंवा ‘आर्टिकल’ हे टॅग ओळखताच येत नाहीत. ती त्यांना चूक ठरवते आणि फाइल आवरून देण्याचे नाकारते. तसे दिसल्यास होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज व्यवस्थापकातून टायडी-एचटीएमएल५ घ्यावे. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजचे नाव टायडी असेच आहे.

त्यानंतर फाइलला हात न लावता केवळ तक्रारी पाहाव्यात:

टायडी -क्यू -ई पान.एचटीएमएल

यातील ‘-क्यू’ अनावश्यक संदेश गाळते आणि ‘-ई’ केवळ तक्रारी दाखवते. प्रत्येक तक्रारीत ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक असतो. समजा, एका परिच्छेदात ठळक अक्षरांसाठी ‘बी’ टॅग उघडला आणि तो बंद करायचा राहिला. टायडी आधी बंद करणारा टॅग नाही असे सांगते आणि मग पुढच्या परिच्छेदात ‘बी’ आपण होऊन घातल्याचे कळवते, कारण ठळकपणा पुढेही चालू ठेवायचा आहे असे ते गृहीत धरते. ही दुरुस्ती आपण तशीच स्वीकारली, तर चुकून राहिलेला ठळकपणा नीटनेटक्या मांडणीत कायमचा बसतो. म्हणून तक्रारींची यादी वरून वाचावी, पहिली चूक मूळ फाइलमध्ये स्वतः दुरुस्त करावी आणि कमांड पुन्हा चालवावी. खालच्या पुष्कळशा तक्रारी त्या एका चुकीतूनच आलेल्या असतात. गंभीर चूक असताना टायडी फाइल देत नाही. तिथे ‘फोर्स-आउटपुट’ हा पर्याय वापरून ती जबरदस्तीने काढून घेण्याचा मोह टाळावा.

यादी स्वच्छ झाली की आवरलेली प्रत वेगळ्या नावाने काढावी:

टायडी -क्यू -आय -यूटीएफ८ -रॅप ० -ओ नवे.एचटीएमएल पान.एचटीएमएल

यातील ‘-ओ’ नंतर नव्या प्रतीचे नाव येते आणि ‘-आय’ टॅगांच्या रचनेप्रमाणे ओळी आत सरकवते. ‘-यूटीएफ८’ देवनागरी मजकुरासाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण जुन्या आवृत्त्या ते न दिल्यास फाइल लॅटिन-१ या जुन्या रोमन अक्षरसंचात आहे असे समजून देवनागरी अक्षरांच्या जागी भलतेच संकेत लिहू शकतात. मग फाइल माणसाला वाचता येत नाही आणि ब्राउझरमध्येही मजकूर बिघडलेला दिसतो. ‘-रॅप ०’ मुळे लांब ओळी मोडल्या जात नाहीत. एरवी टायडी ६८व्या स्तंभाच्या आसपास ओळ मोडते आणि मग परिच्छेदातला एक शब्द बदलला तरी गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) अख्खा परिच्छेद बदललेला दिसू शकतो. ज्या फाइली गिटमध्ये आहेत, त्यांच्यासाठी शून्यच योग्य असे माझे ठाम मत आहे.

आता दोन्ही फाइलींची डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या कमांडने) तुलना करावी आणि काय नाहीसे झाले ते डोळसपणे पाहावे. टायडी रिकामे टॅग काढून टाकते; केवळ आयकॉन दाखवण्यासाठी ठेवलेला रिकामा ‘आय’ टॅग असा हमखास जातो. तो राखायचा असेल तर कमांडमध्ये पुढील पर्याय जोडावा:

--ड्रॉप-एम्प्टी-एलिमेंट्स नो

फाइल म्हणजे पूर्ण पान नसून साच्याचा (अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या टेम्प्लेटचा) तुकडा असेल, तर टायडी त्याभोवती हेड, बॉडी असे सगळे उभे करते. ते नको असल्यास ‘--शो-बॉडी-ओन्ली येस’ द्यावे. ठरलेले पर्याय एका साध्या फाइलमध्ये, ओळीगणिक एक, नावापुढे कोलन (:) देऊन लिहिले आणि ‘-कॉन्फिग’ने त्या फाइलचे नाव दिले, की सर्व सहकाऱ्यांची मांडणी एकसारखी राहते.

तुलनेत सर्व ठीक आढळल्यावरच ‘-एम’ वापरावे. ते मूळ फाइलवरच लिहिते आणि जुनी प्रत ठेवत नाही, त्यामुळे त्याआधी गिटमध्ये कमिट केलेले (बदल नोंदवून ठेवलेले) असावे, आणि मांडणीचा बदल मजकुराच्या बदलात न मिसळता स्वतंत्र कमिटमध्ये ठेवावा. हे काम स्क्रिप्टमधून करायचे असल्यास लक्षात घ्यावे, की टायडी काम संपताना सर्व ठीक असल्यास ०, इशारे असल्यास १ आणि चुका असल्यास २ हा अंक परत देते. केवळ इशाऱ्यामुळे स्क्रिप्ट थांबू नये असे वाटत असेल, तर १ हा अंक तिथे वेगळा हाताळावा लागतो.